चार नंबरचं शीड

थोरवे काकांनी मला फसवलं. एक-दोन दिवस नाही, सात वर्षं फसवलं, आणि क्लबातल्या झाडून सगळ्यांनी त्यांना साथ दिली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी काकांबद्दल दोन बरे शब्द लिहिले तर माझा राग गेला असं कुणी समजू नये. राग गेलेला नाही.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. महाळुंगे पडवळला, आपल्या घरी. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मग ठेवायची कधी? ते होते तेव्हा मला काही ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं हीच माझी तक्रार आहे.

आळेफाट्याला माझं ताडपत्रीचं दुकान आहे. सोळाव्या वर्षी चौकात बसून दाभण-सुतळीनं पोती शिवत होतो. आज शिलाईच्या तीन मोठ्या मशिनी आहेत आणि नाशिककडं जाणारा ट्रक ताडपत्री फाटली की माझ्या दारात थांबतो. कुणी हात धरून वर आणलं नाही. जे मिळवलं ते शिवणीवर आणि जिभेवर मिळवलं. शिवण पक्की, जीभ तिखट. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की मला तरतरी येते. चहापेक्षा जास्त येते.

अशा माझ्या दुकानासमोर एक दिवस टोमॅटोची पिकअप उभी होती आणि एक म्हातारा तिच्या दोराच्या गाठी सोडत होता. बुटका, रुंद, पाय जरा फेंगडे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. भर उन्हात अंगात निळा स्वेटर. डोक्यावरची टोपी हनुवटीखाली नाडीनं बांधलेली, लहान मुलाची बांधतात तशी. ड्रायव्हर चहा टाकून धावत आला.

"ओ पावणं! गाडी तुमची हाय का?"

"तुमचीच हाय."

"मग दोर का सोडताय?"

"तुमचाच माल तुमच्याच गाडीत ऱ्हावा म्हणून," म्हातारा म्हणाला आणि शांतपणे दुसरी गाठ मारू लागला. "ही बघा. आता वढा. लई जोरात वढा."

ड्रायव्हरनं ओढलं. गाठ हलली नाही. मग म्हाताऱ्यानं एका बोटानं कुठंतरी दाबलं आणि सगळा दोर भसकन मोकळा झाला. ड्रायव्हर शिव्या द्यायचा विसरला. वाईट मारलेली गाठ दिसली की काकांना पुढं जाताच येत नसे. लग्नाच्या मांडवातसुद्धा अक्षता हातात धरून ते खांबाची दोरी सोडताना मी पाहिलेत.

त्या दिवशी ते माझ्याकडं एका कामासाठी आले होते. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरले. गावी आल्यावर लोक शेत घेतात, घर बांधतात. यांनी मुंबईकडच्या कुठल्याशा क्लबानं काढून टाकलेल्या पाच शिडाच्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि घोडेगावच्या वर धरणाच्या काठी पत्र्याची शेड ठोकून क्लब काढला. एका होडीत फार तर दोन माणसं बसतात. इंजिन नाही, वल्हं नावापुरतं, सगळी भिस्त वाऱ्यावर. त्यातल्या चार नंबरच्या होडीचं शीड फाटलं होतं.

मी आकडा सांगितला. चढवूनच सांगितला, कारण पुढं उतरायचं असतं.

"बरं," काका म्हणाले.

मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितला.

"बरं म्हन्लं की."

"अहो, भाव तरी करा!"

"कशापायी? तुमी इचार करूनच बोलला आसाल न्हवं?"

आता या माणसाचं काय करावं? माझा मीच आकडा खाली आणला. "बरं," काका. अजून खाली आणला. "बरं." तिथं मी दातओठ खाऊन थांबलो. हा माणूस 'बरं' म्हणत म्हणत मला परत चौकात पोती शिवायला बसवेल अशी भीती वाटली.

नमुना म्हणून त्यांनी ते फाटकं शीडच ठेवलं. जाताना म्हणाले, "आसंच पायजे. जसंच्या तसं. सूतभर इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

मी नमुना उसवला. शीड म्हणजे एकावर एक जोडलेल्या कापडाच्या पट्ट्या. आणि बघतो तर एकाही पट्टीची कड सरळ नाही! प्रत्येक कड विळ्याच्या पाठीसारखी किंचित वळलेली. कुणा आळशी शिंप्यानं डोळे मिटून कापलं असणार. मला असली वाकडी कापणी बघवत नाही. मी लोखंडी पट्टी लावली, एकूण एक कड सरळ करून घेतली, मग शिवण मारली. जास्तीचं काम, पण माझ्या दुकानातून तसला माल बाहेर जात नाही. तयार झालेलं शीड फरशीवर अंथरलं तर आरशासारखं पसरलं. कुठं सुरकुती नाही, कुठं फुगवटा नाही.

काका न्यायला आले. गुडघ्यांवर रांगत चारी बाजूंनी फिरले. शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "शिवण लई झ्याक हाय."

"आहेच."

"पोटाचं काय?"

"कसलं पोट?"

"न्हाई, शिडाला जरासं पोट लागतंय. वारा बसाया जागा."

इथं मी तापलो, हे कबूल करतो. म्हणालो, "काका, पोट सुटलेली ताडपत्री म्हणजे कारागिराची लाज. पोटात पाणी साचतं, पाण्यानं कापड कुजतं. तीस वर्षांत माझ्या मालाला कुणी नावं ठेवली नाहीत. तुमचा तो नमुना कुणी शिवला होता ते मला सांगू नका, त्याला आधी सरळ रेघ मारायला शिकवा. मी सगळ्या रेघा सरळ करून दिल्यात, त्याचे जास्तीचे मागितले नाहीत. पोट पाहिजे म्हणे!"

रस्त्यावरची माणसं बघायला लागली, इतका आवाज चढला होता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बोट जिभेला लावून कानाची पाळी ओली केली. वारा कुठून येतो हे ते असं बघत. लोक बोट ओलं करून वर धरतात, हे कान ओला करत. माझ्या दुकानात त्यांना कसला वारा बघायचा होता कोण जाणे.

"बरं," ते म्हणाले. आणि शीड खांद्यावर टाकून एस.टी.कडं निघाले.

भावाच्या वेळी म्हणाले होते तेच बरं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी मोबाइलवर एक फोटो आला. काळ्या फळ्याचा. खडूनं गच्च भरलेला. क्लबाच्या शेडमध्ये हा फळा टांगलेला असे. डावीकडं 'बातम्या', उजवीकडं 'पुढील कार्यक्रम'. बोलताना काका आमच्यासारखंच बोलत, पण फळ्यावर सरकारी कागदासारखं शुद्ध लिहीत. दर शुक्रवारी भरायचा आणि फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा. त्यात होतं:

बातम्या. पाणी दोन हात उतरले. पारख शेठ गेल्या रविवारी तीन वेळा पाण्यात पडले. चौथ्यांदा पडले नाहीत, कारण वारा थांबला. दोन नंबरच्या होडीत सापाची कात मिळाली. साप कुणास मिळाल्यास कळवावे. नवीन सभासद : श्री. रामदास कुऱ्हाडे, आळेफाटा. स्वागत.

पुढील कार्यक्रम. रविवारी शर्यत, वारा असल्यास. नसल्यास मिरचीची भजी. होडी उलटवून सरळ करण्याचा सराव : श्री. कुऱ्हाडे.

मी कुणालाही सभासद होतो म्हणालो नव्हतो. रविवारी गाडी काढली आणि तासभर रस्त्याला शिव्या घालत घोडेगाव गाठलं, तिथून धरण. आल्या आल्या फळ्यापाशी गेलो आणि माझं नाव पुसायला हात उचलला. एका बाईनं माझं मनगट धरलं. या मनीषाबाई, घोडेगावकडच्या एका शाळेत शिक्षिका. क्लबात सगळ्यांत वेगानं होडी हाकणाऱ्या.

"पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. "उजवीकडचं ज्याच्या नावावर आहे त्यानंच पुसायचं, आणि काम झाल्यावरच. क्लबाचा एवढाच नियम आहे."

"मी सभासद नाही."

"डावीकडं बघा. बातमी छापून आली आहे."

पारख शेठ हसत उभे होते. घोडेगावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, हे अस्सल आंबेगाव तालुक्यातले. "कुऱ्हाडे, माझं पण असंच झालं," ते म्हणाले. "काका खिळे घ्यायला आले होते, आणि पुढच्या रविवारी मी पाण्यात होतो. आता कपडे काढा, नाहीतर नवे ओले होतील."

मला विहिरीत पोहता येतं. पण होडी उलटल्यावर तिच्याखालून बाहेर येऊन, बुडावर उभं राहून, तिला परत सरळ करायचं हे वेगळं. काका शेजारच्या होडीतून सूचना देत होते आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात त्यांच्याशी भांडत होतो.

"आधी जोर लावू नगा! थांबा, वारा बगा!"

"वारा काय करतोय? जोर मी लावतोय!"

"त्याच्याशी घासाघीस करू नगा, राव! त्यो आकडा सांगतो त्योच खरा!"

चौथ्या खेपेला होडी सरळ झाली. मी थरथरत काठावर आलो, फळ्याकडं गेलो आणि माझं नाव तळव्यानं पुसलं. त्या पुसण्यात काय होतं सांगता येत नाही. पण पुढच्या रविवारी मी कुणी न बोलावता गेलो.

आमचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. पुढं कालव्याला पाणी सुटत जातं तसा काठ खाली सरकतो आणि होड्या चिखलातून वाहून न्याव्या लागतात. त्याच सुमारास वर्षाची शेवटची शर्यत. पाण्यात तरंगत ठेवलेल्या निळ्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. जो पहिला येईल त्यानं शेडमधली घंटा वाजवायची. काकांनी जहाजावरून उतरताना आणलेली पितळी घंटा. दर रविवारी ते ती राखेनं घासून लख्ख करत, पण टोला कधी देत नसत. वर्षातून एकदाच वाजायची, जिंकणाऱ्याच्या हातानं.

मी येण्याआधी ती घंटा बहुतेक काकाच वाजवत, असं सगळे सांगत. मी आल्यापासून काका सात वर्षं शेवटचे आले.

होड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. पण चार नंबरची चिठ्ठी काका टाकतच नसत. "ती माजी. तिचा सभाव मला ठावं हाय," म्हणत. माझं शीड लावलेली चार नंबर. मला त्याचा केवढा अभिमान! एवढा मोठा सारंग माझंच शीड वापरतो. म्हणून तर ते मागं पडले की मला चीड येई. चांगलं अवजार हातात आणि माणूस झोपलेला! सगळ्या होड्या काठाला लागायच्या, शिडं उतरायची, पारख शेठची भजी निम्मी संपायची, आणि काकांची होडी आपली मध्यात. मी काठावरून ओरडायचो.

"काका! वामकुक्षी झाली का?"

लांबून आवाज यायचा, "शिवण लई झ्याक हाय!"

"शिवण आहेच, हाकणारा कुठाय?"

"हाकनारा म्हातारा झाला, राव!"

लोक हसायचे. मला वाटायचं, काकांना हसतात.

सोमवारी कुणी विचारलं तर मी सांगायचो की वय झालं, डोळे गेले, हट्टी आहे, होडी सोडत नाही. एकदा तोंडावर म्हणालो, "काका, चार नंबर मला द्या, घंटा वाजवून दाखवतो." ते हसून म्हणाले, "तुमाला दिली तर मंग मी भांडू कुनाशी?" ते कधी भांडले? भांडत मीच होतो.

एकदाच, एका वर्षी शेवटच्या शर्यतीआधीच्या रविवारी, डोंगरावरून असा वारा सुटला की तीन होड्या उलट्या झाल्या. त्या दिवशी चार नंबर सरळ चालली आणि दुसरी आली. मी आठवडाभर दुकानात सांगत होतो, वारा असला की माझं शीड बघा. सपाट शीड वादळात तग धरतं आणि एरवी, म्हणजे आमच्या धरणावर जवळजवळ दर रविवारी असते तसल्या मंद झुळकेत, मेल्यासारखं लोंबतं. हे मला आता कळलंय.

आणि दर हंगामात एकदा फळ्याच्या उजव्या बाजूला, खाली कोपऱ्यात, एक ओळ असायची. 'चार नंबरचे शीड नीट पाहणे : श्री. कुऱ्हाडे.'

दर वर्षी मी ते नीट पाहायचो. दुकानात नेऊन फरशीवर अंथरायचो. शिवणीवर शिवण तपासायचो, कड्या ओढून बघायचो. एक टाका सुटलेला नसायचा. परत आणून द्यायचो, सांगायचो, "काका, अजून दहा वर्षं काही होत नाही याला."

"नीट बघितलं न्हवं?"

"म्हणजे काय? टाका न् टाका."

"बरं."

आणि मी ऐटीत जाऊन ओळ पुसायचो. मागं मनीषाबाई दोराची वेटोळी घालत असायच्या, मान खाली घालून. पारख शेठ एकदम खोकायला लागायचे. सात वेळा. सात वेळा तो फळा मला सांगत होता आणि सात वेळा मी तो पुसला.

या दसऱ्यानंतर काकांशिवाय पहिलाच रविवार. फळ्यावर शेवटच्या शर्यतीच्या दिवशीचा खडू तसाच होता, काकांच्या हातचा. कुणाला हात लावायचा धीर नव्हता. चिठ्ठ्या पडल्या. चार नंबर कुणी घेईना. एकमेकांकडं बघत बसले. मला वाटलं, काकांची होडी म्हणून मन धजत नसेल. मी म्हणालो, "मी घेतो. निदान आज तरी तिला पुढं आणतो."

मी काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. हातात जोर आहे. सात वर्षांत होडी हाकायला बरी शिकलोय. त्या दिवशी जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं. पिंपाला वळसा घालेपर्यंत बाकीचे काठाला लागले होते. शीड वर ताठ उभं, डागसुद्धा नाही, आणि होडी चिखलात रुतल्यासारखी. मी शिडाकडं बघतो, वाऱ्याकडं बघतो. जिभेला बोट लावून कानाची पाळी ओली करून बघितली. वारा होता. शेजारून मनीषाबाईंची होडी त्याच वाऱ्यावर सुळकन गेली होती.

काठावर आलो तेव्हा भजी संपली होती. मी रागानं सुकाणू आपटलं. "होडीत काहीतरी खोट आहे!"

पारख शेठच्या तोंडून निघून गेलं, "होडी काय करील, कुऱ्हाडे? त्या शिडावर काकासुद्धा..."

आणि थांबले.

"काकासुद्धा काय?"

एक जण दोर गुंडाळायला लागला, एक जण उगाच मोबाइल बघायला लागला.

"शेठ, काकासुद्धा काय? बाई, तुम्ही बोला. तुम्ही शिकवता मुलांना, खोटं बोलू नका म्हणून!"

मनीषाबाई उठून उभ्या राहिल्या. "शीड सपाट आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. वारा बसत नाही त्यात. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"काकांनी बजावलं होतं. म्हणाले, शिवणीत खोटं न करणारा मानूस हाय. त्याला कुनी चारचौघांत पाडू नगा. त्याचं त्याला दिसंल."

"सात वर्षं नाही दिसलं!"

"म्हणून तर ते दर वर्षी लिहीत होते."

मी शीड उतरवलं, गाडीत टाकलं आणि कुणाशी न बोलता निघालो. नारायणगाव येईपर्यंत मनात सगळ्यांची वाटेल तशी हजेरी घेतली. दुकानात आलो. मी काही टाकून देत नाही. माळ्यावर तो जुना नमुना होता, उसवलेल्या पट्ट्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या. एक पट्टी माझ्या शिडातल्या पट्टीवर ठेवली. वळलेली कड आणि सरळ कड. मग त्या वळलेल्या दोन कडा एकमेकींना टाचण्या मारून जोडल्या आणि उचलून धरलं. कापड माझ्या हातात आपोआप ओंजळीसारखं झालं. दारातून आलेला वारा त्यात येऊन बसला. हो, बसला. दुसरा शब्द नाही.

तो शिंपी आळशी नव्हता. त्यानं प्रत्येक रेघ मोजून वाकवली होती. आणि मी लोखंडी पट्टी घेऊन त्याची अक्कल सरळ करून टाकली होती.

कुणाला वाटेल, मग राग कशाचा? चूक तुझी. चूक माझीच. पण माझ्या चुकीची शिक्षा मला भोगू द्यायची की नाही? मी आयुष्यात फुकट काही घेतलं नाही. माल खराब निघाला तर गिऱ्हाईक येऊन तोंडावर फेकतं, मी चार शिव्या देतो, चार खातो आणि नवा शिवून देतो. हा धंद्याचा रस्ता. काकांनी एकदा, फक्त एकदा, भांडायला हवं होतं. मी ओरडलो तर त्यांनी दुप्पट ओरडायचं. जहाजावर तीस वर्षं खलाशांवर ओरडलेला माणूस, त्याला काय ओरडता येत नव्हतं? पण नाही. 'बरं' म्हणाले आणि माझं ओझं डोलकाठीला बांधून सात वर्षं पाण्यात ओढत राहिले. वर मीच त्यांना काठावरून म्हातारा म्हणत होतो.

नवं शीड गेल्या आठवड्यात पुरं झालं. दोन वेळा कापड वाया गेलं, कारण माझा हात वाकडं कापायला तयारच होईना. कात्री वळायला लागली की मनगट आपोआप सरळ यायचं. तिसऱ्यांदा जमलं. पोट आलंय. जास्त नाही, जरासं.

शेवटची शर्यत मला अजून दिसते. गेल्या हंगामातली. पाणी खाली गेलं होतं, आम्ही सगळ्या होड्या चिखलातून वर आणून ठेवल्या होत्या, मनीषाबाईंनी घंटा वाजवून झाली होती. काका अजून पाण्यातच. मी ओरडलो, "काका, मुक्काम आहे का आज?" त्यांनी नुसता हात वर केला. सावकाश काठाला लागले. मी पुढं होऊन होडीचं नाक धरलं, एवढं मात्र केलं. उतरून त्यांनी शीड खाली घेतलं. सगळे आपली शिडं गोळा करून कोंबतात. काकांनी ते वाळल्या गवतावर अंथरलं, शिवणीवर शिवण ठेवून घडी घातली, लग्नातल्या पातळाची घालतात तशी, आणि माझ्या हातात दिलं. मग शेडमध्ये गेले, फडक्यानं घंटा पुसली, लोलक हलू नये म्हणून आतून बोटानं धरून ठेवला, आणि नंतर फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. मी गाडी काढत होतो.

काय लिहिलं ते मी दसऱ्यानंतर वाचलं. पुढच्या हंगामाची पहिली ओळ त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. 'चार नंबरचे शीड नीट पाहणे : श्री. कुऱ्हाडे.'

या वेळी नीट पाहिलंय. पण ती ओळ मी पुसलेली नाही आणि इतक्यात पुसणारही नाही. येत्या रविवारी मी नवं शीड घेऊन धरणावर येतोय. पारख शेठ, मनीषाबाई आणि माना खाली घालून दोर गुंडाळणारे बाकी सगळे, तुम्ही झाडून या. सात वर्षं त्या माणसाला आपल्याच घंटेला टोला देता आला नाही, आणि तुम्ही बघत राहिलात. एकाला तरी माझ्या दुकानात येऊन माझ्यावर ओरडता येत नव्हतं? मला भिऊन गप्प बसलात, की त्यांच्या शब्दाखातर? ज्याला उत्तर द्यायचं त्यानं फळ्यासमोर उभं राहून, माझ्या तोंडावर द्यावं. 'बरं' म्हटलेलं चालणार नाही.